न धुतलेली धायटीची फुले

सभेचे अध्यक्ष वेदमूर्ती श्रीनिवासशास्त्री, बैठकीवरील वैद्यमंडळी, कसब्यातील वडीलधारी माणसे, ओसरीवरच्या आत्या-मावशा, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते माझे काका व गुरू गोपाळकृष्ण वैद्य, सर्वांना माझा नमस्कार.

मुलीने सभेत उभे राहावे का, हा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतो आहे. तो माझ्याही मनात आहे. पण काका उद्या काशीला निघतात आणि बोलायची आज्ञा त्यांचीच आहे. ज्यांनी मला माजघरात बसवून अक्षर शिकवले, त्यांची आज्ञा कोणत्या तोंडाने मोडू?

त्यांचे गुण सांगण्याआधी मात्र एक दुरुस्ती केली पाहिजे. गेल्या वैशाखात याच अंगणात मी सांगितले होते की, आमचे द्राक्षासव बिघडले ते धायरीच्या सोजरबाईंनी शिळी फुले आणली म्हणून. ते खरे नव्हते. फुले ताजी होती.

आसव कसे होते, हे अनेकांना ठाऊक आहे. तुपाने माखलेल्या घटात द्राक्षांचा किंवा भिजवलेल्या मनुकांचा रस, गूळ आणि धायटीची लाल फुले घालायची, तोंड लिंपायचे, घट दोन-तीन महिने धान्याच्या राशीत पुरायचा. रस आपोआप उठतो आणि त्याचे औषध होते. श्रीमंत पेशव्यांच्या राज्यात दारूला बंदी आहे, ती योग्यच आहे. आसव पळीने द्यायचे असते. आमच्या आळीतल्या अनंतरावांचा अशक्तपणा दोन वर्षे हटेना, तेव्हा काकांनी पळी लहान केली.

ही विद्या किती जुनी असेल? ऋषी सोम पिळत, राजांच्या कोठारांत सुरेचे घट असत, जुन्या वैद्यांनी द्राक्ष, ऊस, मोह अशा कितीतरी वस्तूंची आसवे लिहून ठेवली. मी त्या पोथ्या वाचल्या आणि मला वाटले, आता सगळे कळले.

गेल्या माघात सोजरबाई फुलांची पाटी घेऊन आल्या. धायरीच्या डोंगरावरून कुणाकुणाचा हात लागून आलेली फुले. मी त्यांतली निम्मी तीन पाण्यांतून काढली. सोजरबाई बघत राहिल्या.

"ताई, फुलास्नी न्हाऊ कशापायी घालताय? त्यातला मध जाईल की."

"सोजरबाई, तुमच्या घरचं सोवळं तुम्ही पाळा," मी म्हणाले.

ती धुतलेली फुले मी घटात घातली, उरलेली न धुताच वाळवून ठेवली. वैशाखात घट उघडला तर नुसती आंबट रसाची घाण. बाळंतिणींना द्यायला पळीभर आसव राहिले नाही. आपण सर्वांनी कारण विचारले आणि मी सोजरबाईंचे नाव घेतले. त्यानंतर पेठेतल्या एकाही वैद्याने त्यांची पाटी उतरवून घेतली नाही. वीस वर्षे त्या ज्या दारांत येत होत्या, ती सगळी दारे माझ्या एका वाक्याने बंद झाली.

मार्गशीर्षात घोड्यांचा एक अर्मनी सौदागर, इराणापलीकडच्या मुलखातला, काकांकडे औषधाला आला. त्याच्या मुलखातही द्राक्षांचा रस मातीच्या रांजणात भरून रांजण गळ्यापर्यंत पुरतात. कधीपासून, ते त्याच्या पणज्यालाही ठाऊक नव्हते. काकांनी आमचा बिघडलेला घट सांगितला. तो हसला. "फूल धोया? तो जान भी धो डाली." त्याच्याकडे द्राक्षावरची धूळसुद्धा पुसत नाहीत.

मी पौषात दोन लहान मडकी घातली. मनुका एकाच पुड्यातल्या, गूळ एकाच ढेपेतला, फुले सोजरबाईंच्या त्याच पाटीतली. एका मडक्यात ती धुऊन घातली, दुसऱ्यात तशीच. चौथ्या दिवशी न धुतलेल्या फुलांच्या मडक्याला कान लावला, तर आत मधमाश्या गुणगुणाव्यात तसा आवाज. दुसरे मडके मुके. फुलांवर काय असते जे रसाला उठवते, ते मला ठाऊक नाही. पोथी लिहिणाऱ्यांनी फुले घालावीत एवढेच लिहिले. ती धुऊ नयेत, हे लिहायची त्यांना गरज वाटली नसावी; फुले खुडणारे ते जाणतच होते.

शास्त्रीबोवा, आपण विचाराल, मग सोवळ्याचे काय? मी नम्रपणे विचारते, देवाला मध वाहतो तो कुणी धुतो का?

मी हे सारे काकांना सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? खोटं कुठं बोललीस?" खोटे इथे बोलले होते, म्हणून खरे आधी इथे बोलले. आपले शिष्य चुकले तर त्यांना ती चूक स्वतः निस्तरू देणे, हा काकांचा गुण मला सर्वांत मोठा वाटतो. बाकीचे गुण त्यांचे रोगी सांगतील.

आपण शांतपणे ऐकलेत, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात मर्यादा सुटली असेल तर मुलगी समजून पदरात घ्या. एक विनंती आहे: सोजरबाई पुन्हा आल्या, तर त्यांची पाटी आपल्या हातांनी उतरवून घ्या.

त्या येतील का, हे मी सांगू शकत नाही. डोंगरावर धायटी फुलली आहे आणि या वर्षीचा घट माझ्या हातून भरायचा आहे. त्यांच्या गावकीसमोर त्यांची क्षमा मागायला आणि त्यांनी हो म्हटले तर त्यांच्यामागून फुले खुडायला मी धायरीला जाणार आहे. परवा, माघ वद्य पंचमी, गुरुवारी.