मांडवावरचे मासे

अलास्कातल्या अँकरेजच्या आदिवासी संस्कृती केंद्रासमोर बसची वाट बघताना लुकेरियाचे कान मागे लागले होते. मागे युकॉन नदीकाठच्या दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या, त्यातली एक नातीचा हात धरून.

“आत सुकवायच्या मांडवावर टांगलेले सॅमन बघितलेस, मात्रोना? प्लास्टिकचे!”

“बघितले की. माशीसुद्धा फिरकत नव्हती.”

“आणि ती माहिती सांगणारी पोरगी म्हणते, ‘हे लोक असे मासे सुकवायचे.’ सुकवायचे म्हणे! आपण काय मेलोय?”

“शिवाय मांसाला चिरा न देताच टांगलेत. माझ्या सासूनं तेच तोंडावर फेकून मारले असते.”

“मग नातीला एवढ्या लांब आणलंस कशाला?”

“अगं, नदीत जाळं टाकायला बंदी आली, त्याच साली जन्मली ही. मासे टांगलेला मांडव हिनं बघायचा तरी कुठे?”