यंत्राने गाळलेलं नाव

“जपमाळ ओढताना गावातल्या गेलेल्यांची नावं मोठ्याने घे,” आई सांगायची. सौरबोटीच्या रांगेत तेच आठवलं. पुढे आमच्या गावातली म्हातारी डोन्या एउलालिया आणि तिची नात बोलत होत्या.

“आजी, गावाला वीज देणाऱ्या सूर्यमनोऱ्यावरचं यंत्र तुझ्याही डोक्यात शिरलं?”

“शिरलं की! माझ्याच आवाजात माळ जपतं मेलं.”

“मग ते तू नव्हेस, हे कळलं कसं?”

“त्याने एफ्राइन गाळला. जन्मताच गेलेलं माझं लेकरू, कुठे नोंद नाही. आपल्या एस्तेरो गावात मेला म्हणून कुणी गळत नाही. ते असंच जपत राहिलं तर मीही त्याला विसरेन, म्हणून आज मनोराच बंद करते.”

“मनोरा बंद केलास तर गावात अंधार होईल.”

“मेणबत्त्या आहेत. एफ्राइनला विसरणार नाही, असा शब्द दिलाय मी तुझ्या आजोबांना.”

“यंत्र तुला अडवेल, तुझ्याच आवाजात!”

“अडवू दे. मी त्याहून मोठ्याने म्हणेन.”

बोट लागली. आजी बोटीत न चढता रांगेतून निघाली आणि गेलेल्यांचं एकेक नाव मोठ्याने घेत मनोऱ्याची वाट चढू लागली.