टेकडीतली काळी भिंत

विरारला चांदीपच्या बसच्या रांगेत हंसाच्या पुढे गावचे हरेश्वरकाका आणि भूगर्भतज्ज्ञ रचना मॅडम बोलत होते.

“दगडखानीचा मालक म्हनतो, टेकडी फोडली तरी विहिरीचं पानी जानार नाय.”

“जाईल, काका. जमिनीच्या भेगेत लाव्हा थिजून टेकडीत काळ्या दगडाची भिंत झालीय. तीच पाणी अडवते.”

“मंग तसं लिवून द्या.”

“दिलं. पण खाणवाल्यासाठी पाहणी करणाऱ्या माझ्या कंपनीला अहवाल बदलून हवा होता. मी राजीनामा दिला.”

“नोकरी सोडली? आमच्यापायी?”

“खोटं लिहायचं नव्हतं. उद्या खाणीच्या परवानगीवरच्या सुनावणीत मीच बोलणार. आज तुमच्या विहिरीची पातळी मोजून घेऊ.”

हंसाला राहवलं नाही.

“मॅडम, आमची पन विहीर मोजाल? उद्या मी बी येते.”