बदक कुणाचं

...आणि बदक, बदक, बदक. अहो, बास की आता. तुम्हाला सांगते, सोमवारी सकाळी ब्रेड आणायला गेले, तर ती बेकरीवाली, जी जन्मात कधी ऑपेराची पायरी चढली नाही, जिला गाणं म्हणजे दुकानातला रेडिओ, ती बाई ब्रेडला कागद गुंडाळता गुंडाळता आवाज खाली आणून मला विचारते, "अगं, काल तुझ्या भावाच्या घशातून बदक निघालं म्हणे?" चेहरा असा की घरात कुणी गेलंय. म्हटलं, तुम्ही होतात का तिथं? नव्हत्या. मग पोस्टमन. मग खालच्या मजल्यावरचे म्हातारे, ज्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही, त्यांनी बदक ऐकलं. गाणं कसं झालं? ते कुणी विचारत नाही.

सूर फाटला की आमच्याकडे त्याला बदक म्हणतात. तसं सगळ्या फ्रान्समध्येच म्हणतात, पण तुलूजमध्ये बदक ताटातही असतं, त्यामुळे या विषयातलं आपल्याला जरा जास्तच कळतं असा इथल्या प्रत्येकाचा समज. आणि मी संगीताची कॉन्झर्व्हेटरी सोडायच्या आधी दोन वर्षं ओबो शिकलेय, सनईच्या जातीचं वाद्य. ओबो शिकणं म्हणजे सुरुवातीला निव्वळ बदकपालन. तेव्हा बदक कशाला म्हणतात ते मला तरी शिकवू नका.

तर माझा भाऊ गोतिए. ऑपेराच्या कोरसमध्ये असतो. कोरसमध्ये असतो म्हणजे काय, तर भाला धरून मागं उभा राहतो, आणि राजा आला की "राजा आला" असं गातो. त्यात शनिवारी मोठ्या टेनरचा, म्हणजे नायकाचं गाणाऱ्या उंच आवाजाच्या गायकाचा, घसा बसला आणि डायरेक्टरीणबाईंनी गोतिएला बोलावलं. म्हणाल्या, "तुला भूमिका पाठ आहे असं ऐकते. रविवारी दुपारचा खेळ तू कर. वरची गॅलरी गप्प बसली, तर पुढच्या हंगामात भूमिका तुझी. नाही बसली, तर भाला आहेच." म्हणजे बघा, सगळं कुणाच्या हातात? वरच्या गॅलरीच्या.

या गॅलरीला आम्ही खुराडं म्हणतो. थेट घुमटाखाली, बाकं अरुंद, गुडघे समोरच्याच्या पाठीत. आणि तिथं बसतात आमचे जाणकार. हे लोक गाणं ऐकायला येत नाहीत हो, परीक्षा घ्यायला येतात. स्वतः कधी परीक्षेला बसलेले नाहीत, तो भाग वेगळा. आणि या खुराड्याचा कोंबडा कोण? आमचे बाबा. फिर्मँ काझनाव, नळदुरुस्तीच्या धंद्यातून निवृत्त, आता पूर्णवेळ कोंबडा. त्यांच्या खिशात आजोबांच्या तळघराची एक जुनी पोकळ किल्ली असते. तळघर केव्हाच विकलं, किल्ली ठेवली. का? तर ती ओठाला लावून फुंकली की अशी शिट्टी निघते की खाली रंगमंचावर गायकाचे पाय लटपटतात. बाबांनी किल्ली फुंकली की खुराडं फुंकतं. बाबा गप्प, तर खुराडं गप्प. किती जणांना या माणसानं घरी पाठवलंय, आणि जेवताना ते सांगतात कसं, तर पदकं मोजावीत तसं.

रविवारी गॅलरीच्या जिन्यात मी त्यांना गाठलं. "बाबा, किल्ली घरी ठेवलीत ना?"

"किल्ली खिशात असते."

"आज गोतिए गातोय."

"गाऊ दे की."

"बाबा, तुमचा मुलगा आहे तो."

"वर गेल्यावर मुलगा नाही, बाप नाही. वर फक्त कान." आणि दम लागला म्हणून कठड्याला धरून उभे राहिले. कान दमले असणार.

खेळ सुरू झाला. कथा काय, नेहमीचीच. गरीब शिक्षक, सरदाराची मुलगी, दोन अंक प्रेम, तिसऱ्या अंकात तो तिच्या खिडकीखाली उभा राहून गातो, चौथ्यात मरतो आणि मरता मरता आणखी गातो. गोतिए आला, तोंड उघडलं, आणि मी तुम्हाला सांगते, माझ्या अंगावर काटा आला. आणि आमचे जाणकार? माझ्या उजवीकडे मादाम एस्कूब, पेपरमिंट चघळत. "आवाज गोड आहे गं, पण पोटऱ्या बारीक. हा प्रेमात पडलेला नाही वाटत, उपाशी वाटतो." मागून मोसिए ब्लाजी, निवृत्त दंतवैद्य. "शब्द कळतायत. टेनरचे शब्द कळायला लागले की समजायचं, आवाज कमी आहे." आता शब्द कळले तर आवाज कमी, नाही कळले तर उच्चार वाईट, मग माणसानं करायचं काय? गाणं कसं होतंय? ते कुणी ऐकत नाही.

मग तिसरा अंक. ती खिडकी. आणि तो सूर. संगीतकारानं त्या वरच्या सुरावर स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय, हळू, अगदी हळू. कारण वर ती झोपलीये, बाजूच्या खोलीत तिचा बाप झोपलाय. पण आमच्या शहरात आजवर प्रत्येक टेनरनं तो सूर छाती फोडून मारलाय, बाप उठला तर उठला. त्यामुळे खुराड्याची ठाम समजूत की तो तसाच आहे. गोतिएनं मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "मी तो लिहिलाय तसा गाणार. हळू." मला सांगितलं. बाबांना कोण सांगणार?

आणि बाबांची एक खोड आहे. प्रत्येक टेनरबरोबर ते आतल्या आत गातात. नुसते ओठ हलतात, हनुवटी वर जाते. तरुणपणी गायचं होतं त्यांना, नळ जोडावे लागले. असो. तर तो सूर जवळ आला, बाबांनी छाती भरून श्वास घेतला, गोतिए आता गर्जणार म्हणून आतून तयार झाले... आणि गोतिएनं सूर लावला हळू. दोऱ्यासारखा. अख्खं थिएटर स्तब्ध. आणि बाबांच्या छातीतली ती सगळी हवा, तिला बिचारीला जायला जागाच नाही, ती आली घशातून वर आणि...

क्वॅक.

माझ्या डाव्या कानाशी. बाबा माझ्या डावीकडे बसले होते.

खाली तो सूर तसाच चालू होता, केसाएवढाही हलला नाही. पण आमच्या घुमटाखाली आवाज असा फिरतो की वर कुणी कागद चुरगाळला तरी वाटतं, खाली रंगमंचावर पडदा फाटला. मादाम एस्कूब म्हणाल्या, "बदक." मोसिए ब्लाजी म्हणाले, "बदक, स्वच्छ बदक." मागच्या बाकावर कुणी हसलं. आणि मग सगळ्या माना वळल्या कोंबड्याकडे. आता हा काय करतो? पोटचा पोरगा आहे.

मी हळूच म्हटलं, "बाबा, तुम्ही होतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कळलं होतं त्यांना. कानापर्यंत लाल झाले होते. नुसतं गप्प बसायचं होतं हो, आणखी काही नको. हात मांडीवर होता, तो तिथंच राहिला असता तरी पुरे होतं.

हात खिशात गेला.

किल्ली वाजली, मग खुराडं वाजलं, आणि गोतिएची पुढची ओळ मला ऐकूच आली नाही. जिन्यात लोक बाबांचा हात हातात घेत होते. "काय माणूस आहे. स्वतःच्या मुलालाही सोडलं नाही." आणि बाबा मान खाली घालून, अगदी नम्रपणे, "कान आहेत, काय करणार."

गोतिएला पुन्हा भाला मिळाला. मी सांगितलं हो सगळ्यांना, सांगितलं नाही असं नाही. आई म्हणाली, "तुझा बाबांवर पहिल्यापासून डूख आहे. शिक्षण सोडलंस, आता निदान त्यांची अब्रू तरी सोड." आणि गोतिए म्हणतो, "मला वाटलं सूर लागला होता. घशाला कळतं ना... पण सगळ्यांनी ऐकलं, म्हणजे फाटलाच असेल."

"तुझं नव्हतं ते."

"तू बहीण आहेस."

आता तो आंघोळ करतानाही गात नाही. घर कसं शांत झालंय.

पुढच्या रविवारी आईनं जेवायला काय करावं? बदकाची तंगडी. या बाईला सांगायचं तरी काय. गोतिएनं एक घास घेतला नाही, ताट सरकवलं, उठून गेला. बाबांनी बघितलं, म्हणाले, "टाकायचंय का ते? आण इकडे."

मी उचललं, त्यांच्या ताटात वाढलं. म्हटलं, "घ्या बाबा. तुमचंच आहे."

त्यांचा काटा हवेतच थांबला. मला वाटलं, आता बोलतील. खरंच वाटलं हो. त्यांनी घास तोंडात घातला, बराच वेळ चावला, आणि म्हणाले,

"जरा कोरडं झालंय."