कंदील जळतच होता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय सावळेरामभाऊ, मुख्याध्यापक सर, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या ढोबळेबाई, पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

मला बोलायची सवय नाही. शाळेत विज्ञान शिकण्याचं महत्त्व सांगा, असं सरांनी सुचवलं. मलाच का, ते बोरी बुद्रुकच्या लोकांना ठाऊक आहे. पाहुण्यांसाठी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात विहिरीचं पाणी खोल गेलं, म्हणून आम्ही डिझेल इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलं. सगळेच उतरवतात. दुपारी डिझेल संपून ते बंद पडलं. माझा धाकटा भाऊ राजरत्न डिझेल घेऊन उतरायला निघाला. आमचे चुलते भागुजीआबा यांनी रिवाजाप्रमाणे आधी दोरीने कंदील सोडला. कंदील विझला तर उतरायचं नाही, एवढंच आम्हाला माहीत. तो जळत होता.

माझी मुलगी प्रतीक्षा तेव्हा नववीत. ती म्हणाली, "आबा, कंदिलाला नाय कळायचं. इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूनं तो विझत नाय. त्याला वासबी नसतो. बाईंनी शिकवलंय."

"तुज्या बाईनं कवा हीर खांदली व्हती गं?" आबा म्हणाले. सगळे हसले.

राजरत्न उतरता उतरता म्हणाला, "काय मॅडम, आमी पास का नापास?"

तिने त्याचा दोर धरला. "काका, थांबा ना जरा." मी तिचा हात सोडवला आणि तिला घरी पाठवलं.

आबा शाळेत गेले नव्हते. मी तर दहावी पास. मला काय झालं होतं?

राजरत्नला आम्ही दोरानेच वर काढलं. तेव्हा तो गेलेला होता. खाली कंदील जळतच होता.

बाई, तुम्ही नीट शिकवलंत. पोरगीही नीट शिकली. दहावीला विज्ञानात तिला शहाऐंशी मार्क पडले. अकरावीला तिने विज्ञान घेतलं नाही. म्हणाली, "कळून काय उपयोग, बाबा? ऐकतंय कोण?" मला उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. म्हणून या विषयावर बोलायला मी योग्य माणूस नाही.

या उन्हाळ्यातही गावात पाच इंजिनं विहिरीत उतरली. मी घरोघर सांगायला गेलो. "भाऊ, तुमचं दुःख कळतं आमाला," म्हणाले आणि चहा दिला. इंजिनं तिथेच आहेत. बाईंच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. विज्ञानाचे तास चित्रकलेचे सर घेतील, असं ऐकतो.

प्रतीक्षा आज आली नाही. ही तिची नववीची विज्ञानाची वही. घरात नको म्हणाली. बाई, तुमच्याकडे असू द्या.

आपण मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. विहिरीवर मी तिला बोलू दिलं नाही. तिची माफी मागायची अजून राहिली आहे.