आयसीयूतली हजेरी

वळसंगच्या शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून मी सोलापुरात नर्सिंगला आले, तेव्हा आयसीयूच घ्यायचं ठरवलं होतं की. शिकाऊ ड्युटीही तिथंच लागली. सकाळी आत शिरले की जुन्या सवयीनं मी एकेकाचं नाव घ्यायची. सगळे बेशुद्ध, ओ कोण देणार?

एकदा म्हटलं, "मानेकाका." कोपऱ्यातल्या पडद्याआडून आवाज आला, "हजर, बाई."

मी धावत सिस्टरकडं गेले. "मानेकाका शुद्धीवर आले की."

सिस्टर म्हणाल्या, "अगं, ते पहाटेच वारले. कॉट रिकामी आहे."

पुढं मेट्रननी विचारलं, "विभाग कुठला देऊ?"

म्हटलं, "नवजात बाळांचा. तिथं अजून कुणाचं बारसं झालेलं नसतं."