ऊन भरपूर, पाणी कमी, फुलपाखरू शून्य

...आणि वर सगळे मलाच म्हणतात, "नायेली, किती गं नशीबवान तू!" नशीबवान? मी? तुम्हाला सांगते, आधी सगळं ऐकून घ्या आणि मग तुम्हीच ठरवा, कारण घरात माझं कुणी ऐकत नाही, आणि त्यात त्यांची तरी काय चूक, मी बोलतच नाही ना! वर्गात हजेरीला नाव आलं की मी नुसतं बोट वर करते. आवाज निघतो हो, पण घशापर्यंत येऊन परत जातो.

अशा मुलीला खरं तर पंधरा वर्षं पूर्ण होऊच नयेत. पण झाली. आणि आमच्यात मुलीला पंधरा पूर्ण होणं म्हणजे नवरदेव वगळून अख्खं लग्न! आधी चर्च, अंगावर तंबूएवढा झगा, आणि मग सगळ्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचं, आणि बापाने गुडघे टेकून पोरीच्या पायातले सपाट बूट काढून उंच टाचांचे घालायचे. झाली पोर मोठी! आणि हे नव्वद माणसं बघत असतात. नव्वद! अमाने, म्हणजे आईने, यादी केली तेव्हा मी दोनदा मोजली.

म्हणून मी युक्ती काढली. अंगणात फुलपाखरं आणायची! थव्याने! लोक माना वर करून फुलपाखरं बघतील, आणि खुर्चीत कोण बसलंय हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आहे की नाही सोपं?

सोपं! या वाळवंटातल्या टुसॉनमध्ये! जिथे दुपारी दाराची कडी धरायला फडकं लागतं! आमच्या अंगणात खडी, खडीवर ऊन, आणि कचऱ्याच्या डब्यांजवळ आपोआप उगवलेलं एक काटेरी झुडूप, ज्याने आजवर आमचे तीन चेंडू फोडलेत. पण नर्सरीतल्या बाई काय खूश झाल्या म्हणता! "ऊन किती?" भरपूर. "पाणी?" कमी. "अगं, मग फुलपाखरांना आणखी हवं तरी काय!"

मग काय, अपाने, म्हणजे माझ्या बापाने, सुट्टीच्या दिवशी पहारीने जमीन फोडली. जमीन कसली, फरशीच ती! आम्ही रुईच्या जातीचं झुडूप लावलं, घाणेरी लावली, धुरकट निळ्या फुलांचं एक लावलं, त्यांना ऊन खायला चपटे दगड ठेवले, ओल्या वाळूची थाळी ठेवली, छपरावरच्या कूलरचं ठिबकणारं पाणी नळीने झाडांपर्यंत आणलं. आणि बसले मी खिडकीत.

पहिल्या आठवड्यात सरडा आला. दुसऱ्या आठवड्यात रानडुकरांचं कुटुंब आलं, आई-बाप-पोरं, आणि निळी फुलं मुळासकट जेवून गेलं. चायोतिया, म्हणजे अमाची थोरली बहीण, ती तर रोज यायची, कंबरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "काय गं, पाहुणे नाही आले अजून? पत्ता दिलास ना नीट?" मी हसायचे. आणि परत खिडकीत जाऊन बसायचे. ऊन भरपूर, पाणी कमी, फुलपाखरू शून्य!

आणि मग ऑगस्टच्या शेवटी... अळ्या! रुईवर! काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, पिवळ्या ठिपक्यांच्या, गुबगुबीत, सत्तावीस! पानंच्या पानं फस्त करत होत्या, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी दिवस मोजले, कोष धरतील, फुटतील, बरोबर माझ्या समारंभाच्या आठवड्यात! सत्तावीस फुलपाखरं! आणि मी हे कुणाला सांगितलं? कुणालाही नाही. म्हटलं, सांगू उद्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अपा दारातच उभा. घामाने निथळतोय, हातात साबणाच्या पाण्याची बादली, आणि चेहरा असा उजळलेला! "पोरी, तुझी बाग वाचवली बघ! कीड लागली होती गं, सगळं खाऊन टाकलं असतं! औषध नाही मारलं हो, तुझ्या फुलपाखरांना बाधेल म्हणून. एकेक हाताने वेचली. दोन तास लागले!"

आता मला सांगा, काय म्हणाल तुम्ही अशा बापाला?

मी म्हटलं, "थँक्यू, अपा." आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. तेवढ्यात बाहेरून अमा ओरडली, "नळ बंद कर! पाणी कमी आहे!"

मग उजाडला तो दिवस. सप्टेंबर, पण उन्हाला कुणी कळवलंच नव्हतं. अंगणात नव्वद माणसं, चायोतियाने दोरीला बांधलेली कागदी फुलपाखरं, आणि सावली म्हणाल तर एकच, त्या काटेरी झुडपाची. तिथेच माझी खुर्ची. झग्याच्या आत मी उकडतेय, नाकावरून घाम ओघळतोय, अपाने गुडघे टेकले, एक बूट काढला, एक टाचेचा घातला...

आणि त्या झुडपातून, जे आम्ही लावलं नाही, ज्याला कुणी थेंबभर पाणी घातलं नाही, त्यातून एक तपकिरी फुलपाखरू निघालं, निळ्या फुलांच्या रिकाम्या खड्ड्यावरून गेलं, थाळीवरून गेलं, आणि येऊन बसलं कुठे? माझ्या नाकावर! सोंड उलगडली आणि घाम प्यायला लागलं!

"हलू नकोस!" अमा किंचाळली. "कुणी हलू नका!" चायोतिया. गाणारे थांबले. नव्वद माणसं पुढे सरकली, नव्वद फोन वर झाले, अपा टाचेचा दुसरा बूट हातात धरून तसाच गुडघ्यावर, डोळ्यांतून घळाघळा पाणी, "आलं गं, पोरी, तुझं फुलपाखरू आलं..." आणि मी? डोळे तिरळे, एक पाय उंच, एक पाय सपाट, पाठीतून धारा, आणि ते शांतपणे पितंय. अकरा मिनिटं! लाजेने मला आणखी घाम फुटत होता आणि तो त्याला आणखी आवडत होता!

तो फोटो आता दिवाणखान्यात आहे, दारासमोरच. शाळेत हजेरीला बोट वर करायची गरज उरलेली नाही, माझं नाव आलं की अख्खा वर्ग वळून नाकाकडे बघतो. नर्सरीतल्या बाईंना मात्र मी मानलं. ऊन भरपूर, पाणी कमी, अगदी बरोबर सांगितलं होतं त्यांनी... फक्त ते कमी पाणी ठेवायचं कुठे, तेवढं सांगायचं राहिलं.